उंबऱ्यामागं एक माणूस

म्हैस धारेला लागली असताना माणसानं दबकत यावं, एवढं वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. बाळासो बारदेसकरला कळत नव्हतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, परड्यात उन्हं उतरायची होती, इसाबाईच्या हाताखाली चरवीत दूध वाजत होतं. तेवढ्यात गोठ्यापुढं त्याची पांढरी गाडी धुरळा उडवत येऊन अशी थांबली, की म्हशीनं पान्हा चोरला. इसाबाईनं चरवी बाजूला ठेवली आणि मान न वळवताच विचारलं, "कोण मेलं?"

"मरतंय कोण, आत्ती! मी हाय, बाळासो."

"मग मढं न्यायला आल्यागत गाडी का हाणलीस?"

"कार्य काढलंय. पोरांचा बाप्तिस्मा उरकून टाकायचा म्हंतोय. ईस्टरला. मंडपवाल्याला सांगून बी टाकलंय."

'उरकून टाकायचा' हे ऐकलं आणि इसाबाई उठून उभी राहिली. बुटकी बाई, पण कमरेवर हात ठेवून उभी राहिली की समोरचा माणूस आपोआप दोन बोटं कमी व्हायचा.

मुरगूडच्या अलीकडं वेदगंगेच्या काठाला ही वाडी. तिच्यात बारदेसकरांची पाच-सहा घरं. कुठल्याशा पिढीत गोव्यातून निघालेली, आजऱ्यात टेकलेली आणि तिथून जमिनीच्या ओढीनं इकडं आलेली. बोलणं-चालणं, ऊस-म्हशी, भांडणं-तंटे, सगळं गावासारखंच. रविवारी सकाळी तेवढी ही माणसं धुतलेले कपडे घालून कॅनॉलकडच्या कौलारू देवळात मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला जायची. मिस्सा सांगायला कोल्हापूरहून फादर मोटारसायकलीवर यायचे आणि पोरांना धर्म शिकवायचं काम वर्षानुवर्षं इसाबाईकडं होतं. फादर माणसांची पापं ऐकून घेत आणि माफ करत. इसाबाईसुद्धा ऐकून घेई, पण माफ करत नसे, आणि तिला ती कुणी येऊन सांगावी लागत नसत. सगळी आधीच ठाऊक असायची.

बाळासो तिच्या चुलतभावाचा पोरगा. जेसीबी घेतला, रस्त्याची कामं घेतली, मुरगुडात स्लॅबचं घर बांधलं. कागलच्या मराठ्याची स्वप्नाली पळवून आणून कचेरीत लग्न केलं. मोठी राजनंदिनी, तेरा वर्षांची, आणि तिच्या पाठचा पृथ्वीराज. "नावं अशी की दारात हत्ती झुलायला पायजे, आनि झुलतोय जेसीबी," असं इसाबाई बारशालाच म्हणाली होती. दोन्ही पोरांचा बाप्तिस्मा राहिला तो राहिलाच. दरवर्षी बाळासो म्हणायचा, जरा हातातली कामं उरकू देत. पण या वर्षी आजऱ्यातल्या त्याच्या चुलतभावानं पोराच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे देवळातल्या पहिल्या प्रसादाला हॉल घेतला, बेंजो लावला, माणसं जेवून तृप्त होऊन गेली, आणि बाळासोच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. धर्म आठवायला माणसाला काहीही कारण पुरतं.

"हे बग बाळासो," इसाबाई म्हणाली, "तान्ह्या पोराचं आईबापाच्या शब्दावर चालतंय. ही तुझी घोडी झाल्यात. त्यांना कळतंय. फादर त्यांनाच इचारनार, तुला काय पायजे म्हणून. त्यांचं त्यांनी सांगाय पायजे. आनि त्येच्यासाठी शिकाय लागतंय. दर रविवारी मिस्सा झाल्याव बसायचं, आईबापानं सुद्दा."

"आईबापानं कशाला? मला येतंय की सगळं. मी तुमच्याकडंच शिकलोय."

"म्हन बरं, 'आमच्या स्वर्गातील बापा'."

बाळासोनं घसा खाकरला. दोन ओळी म्हटल्या, तिसरीला अडखळला, चौथी गिळली आणि एकदम मोठ्यानं 'आमेन' म्हणून मोकळा झाला.

"झाक," इसाबाई म्हणाली. "देवाला बी वाटलं असंल, सुटलो बाबा."

आईबापांनी बसायचं हा नेम खरं तर नव्या फादरांचा. वसईकडचे, तरुण, बोलायला मऊ. पोरगं देवळात तासभर असतं आणि बाकीचा आठवडा घरात, तेव्हा घर तयार नसेल तर पोर तयार करून काय उपयोग, असं ते म्हणाले होते. इसाबाईला ते एवढं पटलं की तिनं नेमाला आणखी एक गाठ मारली. ज्याचे आईबाप बसणार नाहीत ते पोर पाण्याजवळ न्यायचं नाही. फादर म्हणाले, बघू. इसाबाई म्हणाली, बघायचं काय त्यात, ठरलं. फादर फार चांगले होते, आणि त्या चांगुलपणापायी त्यांची निम्मी कामं बिघडायची, असं तिचं पक्कं मत होतं.

पहिल्या रविवारी बाळासो आला. देवळाच्या ओसरीत सतरंजीवर पोरं बसली, त्यांच्या मागं बाकावर आईबाप. इसाबाईनं देवानं माणूस का घडवला तिथून सुरुवात केली, आणि माणूस घडायच्या आत बाळासोचा फोन वाजला. तो चिंचेखाली जाऊन मुरमाच्या खेपांवरनं कुणालातरी असा ओरडायला लागला, की आतल्या पोरांना आदाम-एवापेक्षा तेच ऐकावंसं वाटू लागलं. बायको उतरलीच नव्हती. गाडीत बसून होती. एसीची गाडी, पण काच खाली केलेली. "धुरळा खाईल, पर लोकांना तोंड दाखवल्याबिगर ऱ्हानार न्हाय पाटलीणबाई," इसाबाई मनात म्हणाली.

दुसऱ्या रविवारी पोरं उतरली आणि त्यांच्या मागून बाळासोचा ड्रायव्हर ज्ञानू उतरला. टोपी काढून, हात जोडून, देवळाच्या उंबऱ्याला नमस्कार करून तो बाकावर येऊन बसला. अगदी मधोमध.

"तू कशाला रं बसलास?" इसाबाईनं विचारलं.

"मालकांच्या जागी."

"कुणाच्या जागी?"

"मालक म्हनले, घरातलं एक माणूस गेलं की झालं. लग्नाला मीच जातोय, मयताला मीच जातोय. कारखान्याच्या सभेला बी हात वर कराय मीच असतोय. आज हितं आलोय. कवा हात वर करायचा तेवडं सांगा."

गावाची ती रीतच होती. लग्न असो, माती असो, देवळाचं श्रमदान असो, उंबऱ्यामागं एक माणूस गेलं की सगळं घर आलं असं धरायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सुगीत सगळ्यांनी घरं सोडून लग्नांना हिंडावं तरी कसं? पण ती रीत बाळासोनं इथं आणून लावली. पोरांना देवाच्या दारात न्यायचं बापाचं काम त्यानं नोकराला नेमून दिलं, आणि आपण काही चुकीचं केलं हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आनि ज्ञानू," इसाबाई म्हणाली, "उद्या तुझा मालक मेला, तर पेटीत बी तूच झोपनार काय?"

ज्ञानू विचारात पडला. "ते मालकांना इचाराय लागंल," तो म्हणाला. पोरं खिदळली. इसाबाईनं त्याला चहा पाजला आणि परत धाडला.

तिसऱ्या रविवारपासून पृथ्वीराजही यायचा थांबला. बापाचा हिशेब सरळ होता. पोरगी जाते ना? मग एका घरातनं दोन कशाला? पोरगा तेवढा वेळ क्रिकेट खेळेल. नंदिनी मात्र चुकली नाही. ज्ञानूला रविवारी बापानं दुसरीकडं जुंपल्यामुळं गाडी आता स्वप्नाली चालवत आणायची. चिंचेखाली लावायची, पोरगी उतरायची, आणि बाई काच खाली करून तिथंच बसून राहायची. तास सुटला की पोरगीला घेऊन जायची.

"तुझ्या आईच्या पायाला मेंदी लावलीया काय?" इसाबाईनं एकदा नंदिनीला विचारलं.

"आई म्हनती, मी भाईरच बरी हाय."

"व्हय बाई. हितल्या सतरंजीनं साडी मळंल." एवढं बोलून ती मोकळी झाली. स्वतः चार पावलं जाऊन विचारावं असं काही तिला वाटलं नाही. पोरीपायी येणारा सगळा राग ती त्या गाडीकडं बघून काढायची.

ऊस तोडीला आला. रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी वाजवत जाऊ लागले, वाऱ्याला मळीचा वास यायला लागला, वाड्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या खाऊन म्हशी सुस्तावल्या. नाताळ होऊन गेला. इसाबाईच्या ओसरीत पोरं विश्वासाचा अंगीकार शिकली, दहा आज्ञा शिकली, आणि शिकलेल्या विसरलीही. एका रविवारी तिनं प्रत्येकाला विचारलं, "तुला बाप्तिस्मा कशाला पायजे?" पोरं पुस्तकातलं बोलली. देवाचं लेकरू होण्यासाठी. मूळ पापाची क्षमा मिळण्यासाठी. इसाबाई जांभया देत ऐकत होती. नंदिनीची पाळी आली.

"सगळी प्रसादाला रांगेत उठत्यात, आनि मी एकटी बाकाव बसतीया," नंदिनी म्हणाली. "म्हणून पायजे."

"रांगेत हुबं ऱ्हायाला? ही काय एस्टीची रांग हाय व्हय गं?"

पोरं हसली. पोरगी लाल झाली, पण गप्प बसली नाही. आजीची जीभ नातीतही उतरते, एखादं घर टाळून का असेना.

"नुसती रांग न्हाय म्हनत मी. मारीआज्जी जायला लागली तवा माझा हात धरून 'नमो मारिये' म्हनत हुती. निम्म्यात तिला दम लागला. ऱ्हायलेलं मी म्हटलं. मला कुणी शिकवलं न्हवतं, तिचं ऐकून आलं हुतं. मग आज्जीच्या मिस्साला सगळी कम्युनियनला उठली, आनि काका म्हनले, तू बस, तुझं झालेलं न्हाय. आज्जीला म्हनून दावायला मी चालले, आनि तिच्या मिस्साला उठायला चालत न्हाय?"

  इसाबाईनं पलीकडच्या एका पोराला उगाच नाक कोरतो म्हणून धपाटा घातला आणि तास लवकर सोडला. त्या दिवशी धार काढताना तिला मारी आठवली. चुलतभावजय. तिच्याशी इसाबाई आयुष्यभर भांडली होती, आणि शेवटच्या वेळी भेटायला गेली नव्हती. पोरगी गेली होती.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला. फादरांनी कपाळांना राख लावली, लोकांनी मटण सोडलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मुरगूडच्या फाट्यावर बाळासोचा फलक चढला. इसाबाई दूध घालायला संस्थेत चालली होती. कॅन घेऊन रस्त्यातच थांबली. फलक घराएवढा. 'भव्य बाप्तिस्मा सोहळा'. वर साखर कारखान्याचे माजी संचालक उदयसिंहराव हात जोडून उभे, खाली लिहिलेलं 'धर्मपिता', म्हणजे बाप्तिस्म्याला देवापुढं पोरांची जबाबदारी घेणारा. त्यांच्याभोवती सोसायटीचे चेअरमन, तालमीचे अध्यक्ष, मित्रमंडळ, 'आपलाच दोस्त' म्हणवणारी गॉगल घातलेली पाच-सहा तोंडं. मधोमध बाळासो, कानाला मोबाईल लावून. ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा ती दोन पोरं अगदी खाली, फलक छापणाऱ्याच्या फोन नंबराशेजारी, ओळखू येणार नाहीत एवढी. येशूचं चित्र कुठं दिसेना. मग दिसलं, वरच्या कोपऱ्यात. शुभेच्छुकांत.

पुढच्याच रविवारी मिस्सा सुटल्यावर बाळासो हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर पृथ्वीराज. फादर ओसरीत आले. ईस्टरला कुणाकुणाला घ्यायचं ते त्या दिवशी ठरायचं होतं, आणि फादर इसाबाईचा शब्द मोडत नसत. नंदिनी खांबाला टेकून उभी होती. गाडी चिंचेखाली होती, काच खाली.

"इसाबाई," फादर म्हणाले, "या दोघांविषयी तुमचं काय मत?"

"पोरगं तयार न्हाय. इचारून बगा."

फादर वाकले. "पृथ्वीराज, तुला काय हवंय बाळा?"

"घोडा," पृथ्वीराज म्हणाला. "पप्पा म्हनल्यात, त्या दिवशी घोड्याव बसवनार."

"आणि राजनंदिनी?"

"पोरगी तयार हाय," इसाबाई म्हणाली. तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण समोर बाळासोचं हसरं तोंड होतं, डोळ्यांपुढं तो फलक होता, आणि तिच्या अंगात महिनोन्‌महिने साचलेली चीड होती. "पर तिचा बाप एक दिस बसला न्हाय. आई उतरली न्हाय. नेम म्हंजे नेम. दोघं बी न्हाईत."

नंदिनी रडली नाही. खांबाला टेकलेली पोरगी नुसती सरळ उभी राहिली. इसाबाईच्या तोंडातून शब्द गेला होता आणि आपला शब्द मागं घ्यायची तिला सवय नव्हती.

"नेम?" बाळासो उसळला. "कुणाला सांगतायसा नेम? या देवळाच्या भिंतीला मुरूम कुणी टाकला? माझ्या जेसीबीनं पाया काडलाय! भिंत आमची चालती आनि आमी चालत न्हाय व्हय?"

"भिंतीला बाप लागत न्हाय बाळासो," इसाबाई म्हणाली. "पोरीला लागतोय."

"आई येत होती की," नंदिनी मधेच म्हणाली.

"कुठं येत हुती? गाडीत?"

"गाडीतनं ऐकत हुती. घरी गेल्याव माझ्याकडनं सगळं म्हणून घेती. चुकलं तर ती सांगती. दहा आज्ञा माझ्याआदी तिला आल्यात."

 इसाबाई तशीच पायऱ्या उतरली, चप्पल न घालता, तापलेल्या मातीवरनं चिंचेखाली गेली. स्वप्नाली सीटवर ताठ बसली होती. चेहऱ्यावर, पापण्यांवर धुरळ्याचा थर. ओसरीतला शब्द न् शब्द तिथं ऐकू येत होता, आताचं भांडणसुद्धा.

"आत का आली न्हाईस?" इसाबाईनं विचारलं. विचारलं म्हणजे खेकसली. दुसरं तिला येत नव्हतं.

"लग्न झाल्याव सासूबाईंनी एकदा आनलंतं," स्वप्नाली म्हणाली. "तवा म्हनल्या, तुला फुडं यायचं न्हाय. मी म्हटलं बरं. पर कुठपतोर यायचं ते कुणी सांगिटलं न्हाय. ओसरीत चालतंय, का पायरीवर चालतंय, का गेटाच्या आत. चुकायला नगो म्हणून हितंच थांबायची."

"मला इचारायचं."

"तुमी दर रविवारी बगायचा की माझ्याकडं, आत्ती. या म्हनला न्हाईसा."

 इसाबाईनं आयुष्यात लोकांना पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. त्यातली एक चांगली, जपून ठेवलेली तिनं त्या दिवशी स्वतःला दिली, देवळाच्या आवारात, मोठ्यानं. मग तिनं गाडीचं दार उघडलं आणि स्वप्नालीच्या दंडाला धरून तिला उतरवलं. ओसरीत आणलं, बाकावर बसवलं आणि फादरांपुढं उभी राहिली.

"फादर, माझं चुकलं. नेम आईबापाचा हाय, आनि आई आलीया. पहिल्या रविवारपासनं. तुमच्या माझ्याच डोळ्याव पडदा हुता."

"पर ती आमच्यातली न्हाय!" बाळासो म्हणाला.

"तू तरी कुठं हाईस?"

फादर हसू दाबत होते. त्यांनी बाळासोला समजावलं, की आई कुठल्याही धर्माची असली तरी तिनं लेकीबरोबर शिकणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. पोरगा एक वर्षानं येईल, घाई नाही. संचालकसाहेबांना मान जरूर द्यावा, पण धर्मपिता होणारा माणूस स्वतः ख्रिस्ती असावा लागतो. प्रत्येक वाक्याला बाळासोचा चेहरा एकेक पायरी उतरत होता. उदयसिंहरावांचा घराएवढा फोटो फाट्यावर उभा होता. आता त्यांना काय सांगायचं? या माणसाला पोरीचं काही वाटत नव्हतं, पोराचंही नव्हतं. त्याला फलक दिसत होता.

"मग दोघांचं न्हाय तर एकाचं बी न्हाय," तो म्हणाला. "मी बाप हाय. मी न्हाय म्हंतो. चल गं नंदे, बस गाडीत."

नंदिनीनं आईकडं बघितलं. फादर गोंधळले. इसाबाईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी स्वप्नाली उठली. आवाज चढवला नाही. बाजारात भाव सांगावा तसं सरळ बोलली.

"मी व्हय म्हंतीया."

"तुला कोण इचारतंय?"

"तुमीच सांगता की सगळ्यास्नी, घरातलं एक माणूस आलं की झालं. लग्नात चालतंय, मयतात चालतंय. या घरातनं हितं मी आलीया. माझं व्हय धरा."

 स्वतःचीच रीत अशी दारात आडवी पडेल हे बाळासोला कधी सुचलं नसतं. त्यानं फादरांकडं बघितलं.

"एका पालकाचा होकार पुरतो," फादर म्हणाले, आणि या वेळी 'बघू' म्हणाले नाहीत.

बाळासो पोराला घेऊन गाडीत बसला आणि धुरळा उडवत निघून गेला. मायलेकी मुरगूडला चालत जाऊ म्हणाल्या. इसाबाईनं त्यांना घरी नेऊन आधी भाकरी-आमटी घातली. वाढताना कुरकुर चालूच होती, कालवण खारट झालंय, पोरगी वाळलीया, बाईला साधी पंचाईत सांगता येत न्हाय. जेवता जेवता नंदिनीनं विचारलं, "आज्जी, माझी धर्ममाता कोण हुनार?"

"हुईल कोणतरी."

"तुमी व्हता?"

इसाबाई म्हणाली, ती कुणाची धर्ममाता झालेली नाही आणि व्हायची नाही, लोकांच्या पोरांची जबाबदारी घेऊन देवापुढं कोण उभं राहणार. मग उठून चुलीपाशी गेली, बराच वेळ काहीतरी ढवळत राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "सकाळी लवकर ये. उशीर केलास तर मी थांबनार न्हाय."

ईस्टरच्या सकाळी स्वप्नालीनं मोपेड आणली. गाडी संचालकसाहेबांना आणायला गेली होती. नंदिनी मागं बसली होती, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत गुंडाळून, चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरून. देवळात वाडीतलीच माणसं होती. बेंजो नाही, फलक नाही. स्वप्नाली या वेळी सरळ आत आली आणि पुढून दुसऱ्या बाकावर बसली. फादरांनी विचारलं, "राजनंदिनी, तू देवाच्या मंडळीकडं काय मागतेस?" पोरगी मोठ्यानं म्हणाली, "बाप्तिस्मा." एवढ्या मोठ्यानं, की कौलावरची कबुतरं उडाली. डोक्यावरनं तीनदा पाणी गेलं. इसाबाईचा हात तिच्या खांद्यावर होता. मेणबत्तीचं मेण हातावर गळत होतं, ते तिला कळत नव्हतं. तेल लावलं, पहिला प्रसाद दिला. सगळं एकाच मिस्सात. इसाबाईच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

मिस्सा सुटल्यावर तिघी मुरगूडला गेल्या. स्वप्नाली म्हणाली, चला, काही झालं तरी घरचं कार्य आहे.

कार्य जोरात चाललं होतं. सांगून झालेली माणसं, मांडून झालेला मंडप, कापून झालेली बकरी. ते काही आता मागं घेता येत नव्हतं, आणि बाळासोला घ्यायचंही नव्हतं. ज्याचा बाप्तिस्मा झाला नाही असा पृथ्वीराज शेरवानी घालून घोड्यावर मंडपाला फेऱ्या मारत होता, आणि माणसं त्याच्या हातात पाकिटं देऊन अभिनंदन करत होती. पंगतीवर पंगती उठत होत्या. तांबड्या रश्शाची तर्री हातावर ओघळत होती, पांढरा रस्सा वाट्या उचलून प्यायला जात होता. मिस्सा कुठं झाला, झाला की नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. बाळासो आत आचाऱ्यावर ओरडत होता, मटण कमी पडतंय म्हणून.

मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकून उदयसिंहराव बसले होते. गळ्यात हार, डोक्याला फेटा. येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत होते, अगदी फलकावरच्यासारखे. त्यांच्यापुढं एक पोरगी येऊन उभी राहिली. पांढरा झगा, त्याला खाली धुरळा लागलेला, केस ओले, कपाळावर तेलाची चकाकी. मागं एक बाई आणि एक म्हातारी.

"ये गं बाळ, ये," उदयसिंहराव प्रेमानं म्हणाले. "कुणाच्या घरातनं आलीस?"

मागं इसाबाईच्या तोंडात एक जबरदस्त उत्तर तयार झालं होतं. पण पोरगीनंच दिलं.

"कुणाच्या घरातनं न्हाय," नंदिनी म्हणाली. "माझी मी आलीया."

उदयसिंहराव मोठ्यानं हसले, पोरगीच्या पाठीवर थाप मारली आणि वाढप्याला हाक घातली, "पावण्यांची दिसतीया रं. हिला बी एक ताट वाढा."